पावतीसकट, की तसंच

कायानीत नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतात
आणि त्याच महिन्यात एक दिवस येतो
जेव्हा कुणीही कुणाचाही आकडा पाहू शकतं:
किती कमावले, किती कर भरला.
झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
इथं ती झाकताच येत नाही.
निदान कायद्याची तशी समजूत आहे.

करकचेरीच्या खिडकीमागं मी एकतीस वर्षं बसले.

इर्मेली, इस्पितळात रात्रपाळीची नर्स.
तिचा पगार तिच्या हाती पडतो तोच कातरून आलेला,
हिवाळ्याआधीच्या मेंढीसारखा.
भरणार का, असं तिला कुणी विचारत नाही.
प्रामाणिक राहायची संधीसुद्धा
तिला कधी मिळाली नाही.

लाकूडगिरणीचे मालक हेइकुरा.
त्यांच्या फायलीत मी चूक शोधली,
खरं सांगते, दरवर्षी शोधली,
कधी चष्मा पुसून पुन्हा.
चूक नव्हतीच.
लाभांशाची मोजपट्टी निराळी, एवढंच.
शंभरातले इर्मेलीचे जितके जात
त्याहून त्यांचे कमी,
आणि ती पायवाट कायद्यानंच फावडं मारून मोकळी केलेली.
ते तिच्यावरून चालत गेले,
बुटाला बर्फ न लागता.

आणि लेम्पी,
रानातल्या ब्लूबेरी वेचून बाजारात विकणारी.
हातानं वेचलेल्या रानमेव्यावर इथं कर नाही.
तरी ती दर शरदात येई,
जांभळी बोटं खिडकीच्या कडेवर ठेवून विचारी,
'यंदा माझं काही लागतं का?'
नाही, मी म्हणे.
ती जरा खट्टू होऊनच परते,
जेवणावळीत पान मांडायचं राहून गेल्यासारखी.

आता ताइस्तोचं.
नळ, पाइप, बॉयलर, सगळ्यात हात साफ.
काम झालं की चिंधीला हात पुसत
तो खालच्या आवाजात विचारी,
'पावतीसकट, की तसंच?'
तसंच म्हणजे चौथाई स्वस्त.
गाव तसंच म्हणे.
पाद्री तसंच म्हणाला, शाळेची मुख्याध्यापिका तसंच म्हणाली,
आणि सगळे मिळून
रस्त्यावरचा बर्फ वेळेत काढत नाहीत म्हणून
नगरपालिकेला शिव्या देत.

मग ताइस्तोची पाठ गेली.
आजारपणाचा भत्ता ठरतो तो कागदावरच्या कमाईवर,
आणि कागदावर तो
वर्षातले तीन-चार महिनेच जिवंत होता.
खिडकीशी आला, काठी टेकून.
'साइमी,' म्हणाला, 'मी तर रोज कामावर होतो.
बाकीचे दिवस कुठं गेले माझे?'

मी पडद्यावर पाहत राहिले.
कारण त्यातले नऊ दिवस मला ठाऊक होते.
मार्चचा महिना, माझं न्हाणीघर,
त्यानं भिंत फोडून जुना पाइप काढला,
मी कॉफी दिली, दालचिनीचा पाव दिला,
आणि त्यानं विचारल्यावर
मी, करकचेरीतली साइमी,
दाराकडं एकदा बघून घेतलं
आणि म्हणाले, तसंच.

त्याला मी एक अर्ज दिला.
कुठला ते आता आठवत नाही.
काहीतरी द्यायला हवं होतं.

हिवाळाभर तो इस्पितळात होता.
रात्री त्याची कूस बदलायला इर्मेली येई,
तिच्या कातरलेल्या पगारातून गरम राहिलेल्या त्या वॉर्डात.
ती त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारी.
त्यानं तिच्याकडं कधी काम केलं नव्हतं.
तिचा नळ तिचा भाऊ दुरुस्त करतो.

यंदाच्या यादीत मी त्याचं नाव काढून पाहिलं.
निवृत्तीनंतर पहिल्यांदाच, गिऱ्हाइकाच्या बाजूला उभी राहून.
आकडा इतका लहान
की टंकलेखनाची चूक वाटावी.
खिडकीतल्या पोरानं विचारलं,
'अजून कुणाचा बघायचाय?'

घरी आले. हात धुतले. नळ बंद केला.
चौदा वर्षं झाली,
अजून एक थेंब गळत नाही.
काम चोख होतं त्याचं.